पाप, मोह आणि विश्वास: ख्रिस्ती श्रद्धा नेमकं काय सांगते

ख्रिस्ती धर्मात पापाबद्दल फार बोललं जातं, असं बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, आणि ते खरंच आहे. प्रार्थनेत पाप, गीतात पाप, उपासनेच्या सुरुवातीलाच पापांची कबुली. त्यामुळे हा सगळा धर्म माणसाला अपराधी ठरवण्यावरच उभा आहे असा समज होतो. माझ्या मते हा समज होण्याचं कारण एकच: पाप म्हणजे नियम मोडणं असं आपण आधीच धरून चाललेलो असतो. एका बाजूला पाप, दुसऱ्या बाजूला पुण्य, आणि शेवटी वजाबाकी. ही मांडणी डोक्यात ठेवून बायबल वाचायला घेतलं की पहिल्या काही पानांतच अडखळायला होतं, कारण तिथे गोष्ट वेगळ्याच ठिकाणी सुरू होते. ती सुरू होते भरवशापासून. देवावरचा माणसाचा भरवसा उडतो, आणि नियम त्यानंतर मोडला जातो.

बागेतला प्रश्न

उत्पत्तीच्या पुस्तकाचा तिसरा अध्याय बहुतेकांना ऐकून माहीत असतो. आदाम, हव्वा, साप आणि फळ. (ते फळ सफरचंद होतं असं बायबलमध्ये कुठेही लिहिलेलं नाही. आणि तो साप म्हणजे सैतान, हेही त्या अध्यायात म्हटलेलं नाही. ती ओळख बायबलच्या अगदी शेवटच्या, प्रकटीकरणाच्या पुस्तकात येते.) पण तो अध्याय सावकाश वाचला तर एक गोष्ट लक्षात येते. साप फळाची तारीफ करत नाही. तो एक प्रश्न विचारतो: बागेतल्या कुठल्याच झाडाचं फळ खाऊ नका, असं देवाने तुम्हाला खरंच सांगितलंय का?

देवाने तसं सांगितलेलंच नव्हतं. आधीच्या अध्यायात त्याने सगळी झाडं मोकळी केली होती आणि फक्त एक राखून ठेवलं होतं. सापाने दिलेल्याकडे पाठ फिरवून न दिलेल्याकडे बोट दाखवलं. हव्वा त्याची चूक दुरुस्त करते, पण उत्तर देताना तिच्या तोंडून एक जादा वाक्य निघतं: त्याला हातसुद्धा लावू नका, असं देव म्हणाला. मूळ आज्ञेत हात लावण्याबद्दल काही नव्हतं. म्हणजे एवढ्यातच देव तिला थोडा जास्त कडक वाटू लागला आहे. मग साप नेमकं बोलतो: तुम्ही मरणार नाही, तुम्ही त्याच्यासारखे व्हाल हे देवाला ठाऊक आहे, म्हणून त्याने मनाई केली. अर्थ सरळ आहे. देव तुमचं भलं चिंतत नाही, तो तुमच्यापासून काहीतरी लपवतोय.

यानंतरच हव्वा त्या झाडाकडे नीट पाहते. खायला चांगलं, डोळ्यांना सुंदर, शहाणपण देणारं. संशय आधी आणि इच्छा नंतर, हा क्रम मला या अध्यायातला सर्वांत महत्त्वाचा भाग वाटतो. पुढच्या ओळींत पापाचे परिणाम येतात, तेसुद्धा नात्यांचेच. दोघांना एकमेकांसमोर लाज वाटते, दोघं देवापासून झाडांत लपतात, आणि देवाने विचारल्यावर आदाम म्हणतो, तू मला जी बाई दिलीस तिने मला फळ दिलं. एका वाक्यात त्याने बायको आणि देव दोघांवर खापर फोडलं.

येशूचा प्रेषित पौल याने रोमकरांस, म्हणजे रोममधल्या ख्रिस्ती लोकांना, लिहिलेल्या पत्रात एक छोटं विधान आहे: जे विश्वासाने केलेलं नाही ते पाप आहे. संदर्भ तिथे खाण्यापिण्याच्या वादाचा आहे, पण ख्रिस्ती विचारवंतांनी त्याचा अर्थ बराच दूरवर नेला. पापाच्या विरुद्ध बाजूला सदाचार असेल असं आपण धरून चालतो. इथे पापासमोर विश्वास उभा केलेला आहे. डॅनिश विचारवंत सोरेन किर्केगार्ड यांनी १८४९ मध्ये नेमका हाच मुद्दा मांडला होता.

पापं आणि पाप

खोटं बोलणं, चोरी, व्यभिचार, खून ही पापं झाली, कृतीच्या रूपातली. पण पौल पुष्कळदा पाप हा शब्द एकवचनी आणि जणू एखाद्या सत्तेचं नाव असावं तसा वापरतो. पाप राज्य करतं, पाप गुलाम बनवतं, पाप संधी साधतं. रोमकरांस पत्राच्या सातव्या अध्यायात त्याची तक्रार आहे की जे चांगलं करावंसं वाटतं ते माझ्या हातून होत नाही, आणि जे करू नये असं वाटतं तेच मी करत बसतो. दोन हजार वर्षांपूर्वीचं हे वाक्य वाचून ओळखीचं वाटलं नाही असा माणूस विरळा.

या सत्तेचं सगळ्यांत बारीक निरीक्षण संत ऑगस्टीन यांनी केलं. जन्म ३५४, मृत्यू ४३०, उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पो शहराचे बिशप. आपल्या आत्मकथनात त्यांनी सोळाव्या वर्षीची एक चोरी लिहून ठेवली आहे. घरच्या द्राक्षमळ्याजवळ नासपतीचं एक झाड होतं. मित्रांच्या टोळक्याने रात्री जाऊन ते हलवलं, फळं लुटली, आणि बहुतेक डुकरांपुढे टाकली. भूक नव्हती. फळंही फार चांगली नव्हती. घरी याहून चांगली होती. ऑगस्टीन स्वतःला पुन्हा पुन्हा विचारतात, मग मला हवं तरी काय होतं? उत्तर असं निघतं की चोरीच हवी होती, मनाई मोडण्याची मजा हवी होती. आणि एकटा असतो तर मी हे केलंच नसतं, हेही ते लिहितात. आयुष्यात याहून मोठ्या चुका घडूनही त्यांनी पानंच्या पानं खर्च केली ती या क्षुल्लक चोरीवर, कारण इथे कुठलीच सबब शिल्लक राहत नाही. गरज, राग, प्रेम, भीती यांपैकी काहीच नसताना माणूस वाईटाकडे का वळतो, हा त्यांचा प्रश्न होता.

त्यांच्या उत्तरातून पुढे मूळपापाची शिकवण घडली: आदामापासून सगळी मानवजात बिघडलेल्या अवस्थेत जन्म घेते, आणि केवळ स्वतःच्या इच्छाशक्तीच्या बळावर तिला त्यातून बाहेर पडता येत नाही. त्यांचे समकालीन पेलाजियस यांचं म्हणणं उलट होतं. देवाने आज्ञा दिली म्हणजे ती पाळण्याची ताकदही दिलीच असणार; माणसाने मनावर घेतलं तर तो नीट जगू शकतो. आजच्या वाचकाला पेलाजियस जास्त समजूतदार वाटण्याची शक्यता आहे. ४१८ साली कार्थेजच्या परिषदेने त्यांची शिकवण नाकारली. मला त्या निर्णयामागे एक करुणा दिसते. मनावर घेतलं तर सगळं जमतं असं एकदा म्हटलं की ज्याला जमत नाही त्याच्या वाट्याला फक्त दोष उरतो. ऑगस्टीन यांच्या मांडणीत तो माणूस आजारी आहे, आणि आजाऱ्याला मदत मागता येते.

मूळपापाबद्दल सगळ्या ख्रिस्ती परंपरांचं एकमत मात्र नाही. ग्रीक आणि रशियन वगैरे पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स मंडळ्या मानतात की आदामाकडून आपल्याकडे आलं ते मरण आणि दुबळेपण; त्याचा दोष आपल्या माथी येत नाही. पश्चिमेतही लहान बाळाला दोषी कसं मानायचं हा प्रश्न शतकानुशतकं छळत राहिला. आजची कॅथलिक शिकवण स्पष्ट म्हणते की मूळपाप ही वारशाने मिळालेली अवस्था आहे, त्या व्यक्तीने स्वतः केलेली कृती नव्हे.

कॅथलिक परंपरेत कृतींच्या पातळीवर आणखी एक भेद आहे: प्राणघातक पाप आणि लघुपाप. पाप प्राणघातक ठरायला तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात. बाब गंभीर हवी, ती गंभीर आहे याची पूर्ण जाणीव हवी, आणि जाणूनबुजून दिलेली संमती हवी. प्रोटेस्टंट परंपरा सहसा ही वर्गवारी करत नाहीत. पण यातला तिसरा शब्द, संमती, मोह समजून घ्यायला फार उपयोगी आहे.

मोह होणं आणि मोहाला बळी पडणं

मनात वाईट विचार आला म्हणजे पाप झालं का? श्रद्धावान माणसांना सर्वाधिक छळणारा प्रश्न हाच असावा.

चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात हजारो माणसं एकांतात साधना करायला जाऊन राहिली. जगातले मोह मागे टाकून ती गेली होती, आणि तिथे त्यांना कळलं की मोह आपल्याबरोबरच आले आहेत. त्यांच्यातले एक विद्वान संन्यासी, इव्हाग्रियस पोंटिकस (मृत्यू ३९९), यांनी या अनुभवांची पद्धतशीर नोंद केली. त्यांनी आठ विचारांची यादी दिली: खादाडपणा, कामवासना, लोभ, खिन्नता, राग, कंटाळा, लोकांकडून वाहवा मिळवण्याची हाव, आणि गर्व. पुढे पोप ग्रेगरी पहिले (कारकीर्द ५९० ते ६०४) यांनी तिची फेरमांडणी केली आणि त्यातून प्रसिद्ध सात मुख्य पापं आली. इव्हाग्रियस मात्र त्यांना पापं म्हणत नाहीत, विचार म्हणतात. ते लिहितात की हे विचार आपल्याला त्रास देतात की नाही हे आपल्या हातात नाही. ते मनात रेंगाळतात की नाही हे आपल्या हातात आहे.

कंटाळ्याचं त्यांनी केलेलं वर्णन तर आजही जसंच्या तसं लागू पडतं. दुपारची वेळ. संन्यासी खोलीत बसलेला आहे. सूर्य पुढे सरकतच नाही, दिवस पन्नास तासांचा आहे असं त्याला वाटू लागतं. तो सारखा खिडकीकडे पाहतो. बाहेर येऊन सूर्य कुठवर आला ते बघतो, म्हणजे जेवणाची वेळ व्हायला किती अवकाश आहे ते कळावं. इकडेतिकडे नजर टाकतो, कुणी बंधू भेटायला येतोय का म्हणून. मग त्याला जागेचा तिटकारा येतो, कामाचा येतो, माणसांत प्रेमच उरलेलं नाही असं वाटतं, आणि शेवटी अशी खात्री पटते की देवाची सेवा तर दुसरीकडेही करता येईल. एकही उघड वाईट विचार यात नाही. तरी हा मोह सगळ्यांत जड, असं इव्हाग्रियस म्हणतात.

मोह कसा पुढे सरकतो हे ऑगस्टीन आणि त्यांच्यानंतर ग्रेगरी यांनी तीन पायऱ्यांत सांगितलं: आधी सूचना, मग गोडी, मग संमती. जुन्या करारातल्या दावीद राजाच्या गोष्टीवर हे ताडून पाहता येतं. दुसऱ्या शमुवेलाच्या अकराव्या अध्यायात, राजे लढाईला निघतात त्या दिवसांत दावीद यरुशलेमेतच थांबतो. संध्याकाळी उठून राजवाड्याच्या गच्चीवर फिरताना त्याला एक स्त्री स्नान करताना दिसते. ही सूचना. दिसणं त्याच्या हातात नव्हतं. मग तो ती कोण याची चौकशी करायला माणूस पाठवतो. ही गोडी, नजर वळवायच्या जागी मनाने तिथेच मुक्काम केला आहे. उत्तर येतं, ती बथशेबा, तुमच्या सैनिकाची, उरीयाची बायको. इथे थांबायला पुरेसं कारण मिळालं होतं. तो तिला आणायला पुन्हा माणसं पाठवतो. ही संमती. राजाने बोलावल्यावर बथशेबाला नाही म्हणण्याची कितपत मोकळीक होती, हाही प्रश्न वाचकाने स्वतःला विचारावा. नाथान संदेष्टा दोष देतो तो एकट्या दावीदला.

पुढे जे घडलं ते अधिक भयानक आहे. बथशेबा गरोदर राहिल्याचं कळल्यावर दावीद उरीयाला रणांगणावरून घरी बोलावतो, म्हणजे मूल त्याचंच वाटावं. उरीया घरी जात नाही. सोबती उघड्यावर तळ देऊन असताना मी घरी जाऊन आरामात कसा झोपू, म्हणतो. शेवटी दावीद सेनापतीला पत्र लिहितो की याला लढाईत पुढे ठेवून मागे हटा. ते पत्र उरीयाच्याच हातात देऊन त्याला पाठवलं जातं. नव्या करारातल्या याकोबाच्या पत्रातला क्रम असाच आहे: इच्छा गर्भवती होऊन पापाला जन्म देते, आणि पाप वाढलं की मरणाला.

या बाबतीत कॅथलिक आणि लूथरन परंपरांत एक खरा मतभेद आहे. बाप्तिस्म्यानंतरही माणसात वाईटाकडे ओढ शिल्लक राहते, हे दोघांनाही मान्य. १५४६ मध्ये कॅथलिक चर्चच्या ट्रेंट इथल्या परिषदेने ठरवलं की ती ओढ पापातून आलेली आहे आणि पापाकडे नेते, पण संमती दिल्याखेरीज ती स्वतः खऱ्या अर्थाने पाप नाही. लूथरन परंपरेचे जनक, जर्मन सुधारक मार्टिन लूथर यांच्या मते ती ओढसुद्धा पापच, कारण तिच्यात देवाविषयीची नाराजी आहे. म्हणून ख्रिस्ती माणूस एकाच वेळी नीतिमानही असतो आणि पापीही. दोन्ही बाजू एक गोष्ट मात्र सोडत नाहीत. बाहेरून आलेली सूचना हा मोह झालेल्या माणसाचा अपराध नाही. याला पुरावा म्हणून दोघंही दाखवतात तो येशूचा.

रानातले चाळीस दिवस

इब्री लोकांस पत्र म्हणतं की येशूची आपल्यासारखीच सर्व प्रकारे परीक्षा झाली, तरी तो पापरहित राहिला. मत्तय आणि लूक यांच्या शुभवर्तमानांत, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चरित्रांत, ही परीक्षा सविस्तर आली आहे (दोघांत शेवटच्या दोन मोहांचा क्रम उलटसुलट आहे). चाळीस दिवसांच्या उपासानंतर सैतान म्हणतो, या धोंड्यांच्या भाकरी कर. मग मंदिराच्या शिखरावर नेऊन म्हणतो, खाली उडी टाक, देवदूत तुला झेलतील. मग जगातली सगळी राज्यं दाखवून म्हणतो, मला नमन कर, हे सगळं तुझं.

यातल्या पहिल्या दोन गोष्टी वरवर वाईट दिसत नाहीत. उपाशी माणसाने भाकरी खाण्यात गैर काय? देवाच्या वचनावर विसंबून राहण्यात गैर काय? इथे तर सैतान चक्क एक्याण्णवावं स्तोत्र म्हणून दाखवतो. शास्त्रवचन तोंडी असणं हे चांगुलपणाचं प्रमाणपत्र नव्हे, हे सांगायला ख्रिस्ती शास्त्रानेच ही जागा निवडली याचं मला मोठं मोल वाटतं.

पहिल्या दोन मोहांची सुरुवात सारखी आहे: तू देवाचा पुत्र असशील तर. याच्या लगेच आधीचा प्रसंग बाप्तिस्म्याचा आहे, आणि तिथे आकाशवाणी झाली होती की हा माझा पुत्र, मला परमप्रिय. म्हणजे जे नुकतंच कानांनी ऐकलं, त्याच्याच बुडाशी सुरुंग लावला जातोय. खरंच पुत्र आहेस? मग सिद्ध कर. बापाने सोय करेपर्यंत थांबू नकोस, स्वतःच कर. बागेतल्या सापाचा प्रश्न आणि हा प्रश्न एकाच जातीचे आहेत. येशूची तिन्ही उत्तरं जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकातली आहेत, त्या भागातली जिथे मोशे इस्राएल लोकांना रानातल्या चाळीस वर्षांची आठवण देतो. तिथे लोक भुकेले झाले आणि कुरकुरले, देवाचा त्यांना भरवसा वाटेना. त्याच जागी येशू भरवसा सोडत नाही.

मग देव माणसाला मोहात घालतो का? याकोब ठामपणे नाही म्हणतो. तरी त्याच बायबलमध्ये देव अब्राहामाची परीक्षा घेतो, ईयोबावर संकटं येऊ देतो, आणि येशूला रानात पवित्र आत्माच घेऊन जातो. ख्रिस्ती शिक्षकांनी याची सांगड अशी घातली: प्रसंग एकच असतो, हेतू दोन असतात. मोह पाडणाऱ्याला माणूस पडायला हवा असतो, देवाला तो उभा राहायला हवा असतो. हे उत्तर पुरतं समाधान देतं असं मला वाटत नाही, ईयोबाला तर मुळीच दिलं नसतं. पण प्रभूच्या प्रार्थनेत आम्हाला परीक्षेत आणू नको असं रोज मागणारा माणूस स्वतःच्या ताकदीची बढाई मारत नाही, एवढं त्यातून नक्की कळतं.

विश्वास म्हणजे काय

देव आहे असं मानणं म्हणजे विश्वास, हा समज याकोब एका वाक्यात निकालात काढतो: देव एकच आहे असं भुतंही मानतात, आणि थरथर कापतात. नुसतं मान्य करणं तर सैतानालाही जमतं.

सोळाव्या शतकातल्या सुधारकांच्या परंपरेने विश्वासाचे तीन घटक सांगितले: ज्ञान, मान्यता आणि भरवसा. शस्त्रक्रियेचं उदाहरण घ्या. अमुक डॉक्टर ही शस्त्रक्रिया करतात हे कळणं म्हणजे ज्ञान. ते निष्णात आहेत हे पटणं म्हणजे मान्यता. पण टेबलावर आडवं होऊन भूल घ्यायला तयार होणं हा भरवसा, आणि त्या क्षणी माणसाच्या हातात काहीच उरत नाही. पहिल्या दोन गोष्टी कितीही पक्क्या असल्या तरी तिसरीशिवाय आजार आहे तिथेच राहतो. अब्राहामाबद्दल उत्पत्तीत म्हटलंय की त्याने परमेश्वरावर विश्वास ठेवला आणि ते त्याचं नीतिमत्त्व गणलं गेलं. त्याने तोवर काही सिद्ध केलं नव्हतं. म्हातारपणी मूल होईल हे वचन त्याने फक्त खरं धरलं.

मग सत्कृत्यांचं काय? पौल म्हणतो, माणूस नियमशास्त्रातल्या कर्मांवाचून विश्वासाने नीतिमान ठरतो. याकोब म्हणतो, कर्मांवाचून विश्वास मेलेला आहे. लूथर यांच्यामुळे १५१७ पासून पेटलेल्या वादात या दोन वाक्यांवरून युरोपातली मंडळी दुभंगली. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी ऑग्सबर्ग इथे लूथरन जागतिक महासंघ आणि कॅथलिक चर्च यांनी संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या: देव माणसाला स्वीकारतो ते केवळ कृपेने, ख्रिस्तावरच्या विश्वासाने, माणसाच्या लायकीमुळे नव्हे, आणि त्या स्वीकारातून सत्कृत्यं घडतात. सगळे मतभेद मिटले असा दावा कोणी केला नाही, पण मूळ भांडणाची धार गेली. भरवसा हा विश्वासाचा गाभा मानला तर पौल आणि याकोब तितकेसे एकमेकांविरुद्ध उभे राहत नाहीत. ज्याच्यावर खरोखर भरवसा आहे त्याच्या शब्दावर माणूस पाऊल उचलतोच.

शंकेबद्दलही थोडं सांगायला हवं. मार्काच्या शुभवर्तमानात आजारी मुलाचा बाप येशूला म्हणतो, माझा विश्वास आहे. माझा अविश्वास घालवून टाका. दोन्ही एका दमात. येशू त्याला परत पाठवत नाही, मुलाला बरं करतो. फ्रान्समधल्या लिझ्यूच्या संत तेरेजा चोविसाव्या वर्षी, १८९७ मध्ये क्षयाने वारल्या. आयुष्याच्या शेवटच्या सुमारे दीड वर्षात स्वर्ग आहे की नाही याविषयीच त्यांच्या मनात दाट अंधार होता, आणि ते त्यांनी लिहून ठेवलं. चर्चने त्यांना संत म्हणून घोषित केलं ते हे सगळं माहीत असताना.

पडल्यानंतर

पाप घडल्यावर काय होतं, यावर ख्रिस्ती परंपरेने दोन माणसांना शेजारीशेजारी ठेवून विचार केला आहे. दोघंही येशूचे शिष्य. येशूच्या अटकेच्या रात्री यहूदा इस्कार्योताने त्याला धरून दिलं, आणि पेत्राने त्याला तीनदा नाकारलं. योहान लिहितो की थंडी होती, चाकरांनी कोळशाचा विस्तव पेटवला होता, आणि पेत्र त्यांच्यात उभा राहून शेकत होता. मी त्याला ओळखत नाही, हे त्याने याच जागी सांगितलं. एवढ्यात, येशूने आधीच सांगितलं होतं तसा, कोंबडा आरवला. लूक सांगतो, प्रभूने वळून त्याच्याकडे पाहिलं, आणि पेत्र बाहेर जाऊन फार रडला.

यहूदालाही पस्तावा झाला, हे आपण विसरतो. मत्तयाच्या म्हणण्याप्रमाणे त्याने धरून देण्याबद्दल मिळालेली चांदीची तीस नाणी याजकांकडे परत नेली आणि मी निर्दोष माणसाला धरून देऊन पाप केलंय अशी कबुलीही दिली. याजक म्हणाले, आम्हाला त्याचं काय? पैसे मंदिरात फेकून त्याने गळफास घेतला. पाप कळणं दोघांच्याही वाट्याला आलं. पेत्र पुन्हा शिष्यांत परतला. यहूदा कुणाकडे गेला तर ज्यांना त्याची फिकीर नव्हती अशांकडे. क्षमा आपल्यासाठी नाही असं वाटणं, म्हणजे निराशा, हे परंपरेने फार गंभीर पाप मानलं ते याचमुळे: देव भला नाही, या सापाच्या म्हणण्याला दिलेली ती शेवटची मान्यता असते. (आत्महत्येविषयी मात्र आज बरंच जास्त समजून घेतलं जातं. तीव्र मानसिक त्रासामुळे माणसाची जबाबदारी कमी होऊ शकते, असं १९९२ च्या कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथात स्पष्ट नमूद आहे.)

योहानाच्या शेवटच्या अध्यायात पुनरुत्थित येशू पेत्राला सरोवराकाठी भेटतो. तिथेही कोळशाचा विस्तव आहे. तीनदा नाकारणाऱ्याला तो तीनदा विचारतो, माझ्यावर तुझी प्रीती आहे का? आणि प्रत्येक उत्तरानंतर काम सोपवतो: माझी मेंढरं पाळ. झाल्या प्रकाराचा जाब तो विचारत नाही.

कबुलीच्या पद्धती मंडळीगणिक वेगळ्या. कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स परंपरांत ती याजकासमोर दिली जाते, बहुतेक प्रोटेस्टंट मंडळ्यांत थेट देवापुढे, एकट्याने किंवा उपासनेत सगळ्यांनी मिळून. कुठल्याही पद्धतीत, ज्याचं नुकसान केलं त्याची भरपाई करण्याची जबाबदारी सुटत नाही.

काही प्रामाणिक माणसांची अडचण मात्र उलट असते. त्यांना पाप नसलेल्या ठिकाणीही पाप दिसतं, कबुली देऊनही मन निवत नाही, काहीतरी सांगायचं राहिलं असं सारखं वाटत राहतं. पुढे जेझुइट संघाची स्थापना करणारे इग्नेशियस लोयोला १५२२ मध्ये स्पेनमधल्या मन्रेसा गावी असताना याच यातनेतून गेले. जुन्या पापांची पुन्हा पुन्हा कबुली देऊनही चैन पडेना, जीव द्यावा असं वाटण्यापर्यंत मजल गेली. अखेर झालेली कबुली पुन्हा उकरायची नाही, असं त्यांनी ठरवलं. नंतर इतरांसाठी लिहिलेल्या मार्गदर्शनात ते उदाहरण देतात: वाटेत दोन काड्या क्रूसासारख्या पडलेल्या होत्या, चुकून त्यावर पाय पडला, आणि माणसाने ठरवून टाकलं की मी पाप केलं. हा सरळ चुकीचा निवाडा आहे, तो झटकून टाकावा. पुढे ते सांगतात की ज्याचं मन हळवं असतं त्याला शत्रू आणखी हळवं करू पाहतो, आणि ज्याचं निबर असतं त्याला आणखी निबर. म्हणून हळव्याने मनाला थोडं घट्ट करावं, निबराने थोडं हळवं करावं, आणि दोघांनीही मध्यावर येऊन स्थिर व्हावं.